संस्कृत घेऊन बारावी झाल्यावर अरबी भाषेत पदवी घ्यावी का?

यावलची विद्यार्थिनी

नमस्कार. मी यावल तालुक्यातील असून यंदा कला शाखेतून बारावी उत्तीर्ण झाले आहे. दोन्ही वर्षे संस्कृत होते आणि त्यातील व्याकरण मला मनापासून आवडले. पदवीसाठी अरबी भाषा व संस्कृती हा विषय घ्यावा असे मनात आहे. आमच्या घरी केळीची शेती आहे आणि आपल्या भागातील केळी आखाती देशांत जातात, त्यामुळे त्या देशांची नावे घरात नेहमीचीच आहेत. परंतु माझी ओढ व्यापारापेक्षा भाषेकडे आणि जुन्या ग्रंथांकडे अधिक आहे. घरच्यांचा विरोध नाही, मात्र त्यांच्या शंकांना माझ्याकडे उत्तरे नाहीत. उर्दूचा गंध नसलेल्या मराठी घरातील मुलीला अरबी झेपेल का, पुस्तकात शिकवतात ती अरबी प्रत्यक्षात कोणी बोलत नाही हे खरे का, आणि ‘संस्कृती’ या नावाखाली केवळ धर्मशिक्षण असते का, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

भुसावळ–हैदराबाद

ताई, उर्दू येत नाही याची चिंता करू नका. उर्दू ही मराठीप्रमाणेच भारतीय आर्य कुळातील भाषा आहे आणि अरबी सेमेटिक कुळातील. लिपी आणि पुष्कळसे शब्द सारखे असले तरी व्याकरणाची घडण पूर्णपणे निराळी आहे. माझ्या वर्गातील उर्दू जाणणाऱ्या मुलांना सुरुवातीला लिपीचा फायदा झाला, पण उच्चारांच्या तासाला त्यांनाच जास्त कष्ट पडले. उर्दूत से, सीन आणि साद ही तिन्ही अक्षरे ‘स’ अशीच उच्चारली जातात. अरबीत मात्र पहिल्यासाठी जिभेचे टोक दातांमध्ये आणावे लागते आणि तिसऱ्यासाठी जिभेचा मागचा भाग उचलून आवाज जड करावा लागतो.

लिपीतील २८ अक्षरे लवकर बसतात. खरी अडचण अशी की ऱ्हस्व स्वर सहसा लिहिलेच जात नाहीत, त्यामुळे वाक्याचे व्याकरण कळल्याखेरीज ते अचूक वाचता येत नाही. पहिले वर्ष यामुळे जड जाते आणि गळती होते ती बहुधा याच टप्प्यावर.

संस्कृतचा तुम्हाला निश्चित आधार मिळेल. अरबीत द्विवचन आहे, नामाला तीन विभक्ती आहेत आणि शब्द धातूपासून घडतात. ‘मक्तबा’ म्हणजे ग्रंथालय. पण पारंपरिक अरबी कोशात तो ‘म’खाली पाहून मिळत नाही. क-त-ब हे मूळ वर्ण ओळखून ‘क’च्या पानावर जावे लागते, आणि तेथेच किताब, कातिब म्हणजे लिहिणारा व मक्तूब म्हणजे लिहिलेले ही सारी भावंडे एकत्र सापडतात. अनेकवचनाला मात्र एकच एक नियम नाही. किताबचे कुतुब होते, कलमचे अक्लाम होते, आणि प्रत्येक नाम त्याच्या अनेकवचनासह पाठ करण्याला पर्याय नाही. तीन ते दहा या संख्यांचीही एक गंमत आहे: नाम पुल्लिंगी असेल तर संख्या स्त्रीलिंगी रूपात येते आणि नाम स्त्रीलिंगी असेल तर याच्या उलट.

प्रवेशासाठी हैदराबादचे इंग्रजी व परदेशी भाषा विद्यापीठ आणि दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठाचे अरबी व आफ्रिकी अध्ययन केंद्र यांची माहिती अवश्य काढा. जेएनयूत परदेशी भाषांच्या पदवीचे प्रवेश सीयूईटी या सामायिक प्रवेश परीक्षेतून होतात आणि पहिल्या वर्षी भाषा अगदी मुळाक्षरांपासून शिकवली जाते. मुंबई विद्यापीठातही अरबी विभाग आहे.

नंदुरबार, सध्या मस्कत

दुसऱ्या शंकेविषयी लिहितो. पुस्तकी अरबी, जिला फुस्हा म्हणतात, ती घरात आणि बाजारात कोणी बोलत नाही हे खरे आहे. पण बातम्या, वृत्तपत्रे, करारनामे, न्यायालयाचे कागद आणि शाळेची पुस्तके मोरोक्कोपासून ओमानपर्यंत याच भाषेत असतात. बोली मात्र देशागणिक बदलते. ‘आता’ या साध्या शब्दाला फुस्हात ‘अल-आन’, इजिप्तमध्ये ‘दिलवक्ती’, सीरिया-लेबनॉनकडे ‘हल्ला’ आणि आखातात ‘अल-हीन’ म्हणतात. माझे मत असे की दुसऱ्या वर्षापासून एक बोली धरावी आणि तीच नेटाने पुढे न्यावी. चित्रपटांमुळे इजिप्तची बोली जवळपास सर्वत्र समजते, म्हणून सुरुवातीला ती सोयीची पडते.

नोकरीबाबतही स्पष्ट लिहिणे माझे कर्तव्य आहे. आखातातील कार्यालयांत बरेचसे काम इंग्रजीत चालते आणि दुकानांतून हिंदीवरही भागते, त्यामुळे नुसती बोली येते म्हणून कोणी बोलावून घेत नाही. मागणी असते ती कायदेशीर कागदपत्रांचा निर्दोष अनुवाद करणाऱ्यांना, आणि भारतात उपचारासाठी येणाऱ्या अरब रुग्णांसोबत दुभाषी म्हणून उभे राहू शकणाऱ्यांना. या दोन्ही कामांत चुकीला क्षमा नसते. त्यासाठी फुस्हा पक्की हवी.

धुळ्याचा मोडीवाचक

या विषयाकडे आपल्या जिल्ह्यांतूनही एक वाट जाते, ती कोणीतरी सांगायला हवी. धुळ्यातील राजवाडे संशोधन मंडळासारख्या संस्थांनी जपलेली मराठी कागदपत्रे वाचू लागलो की पहिल्याच ओळीत अरबी भेटते, कारण मराठेशाहीतील शुहूर सन अरबी संख्यांत लिहिला जाई. ‘इहिदे सबैन मया व अलफ’ म्हणजे एक, सत्तर, शंभर आणि हजार, मिळून ११७१; हा इसवी सन १७७०-७१ चा काळ. अनेक मोडीवाचक हे शब्द अर्थ न जाणता तक्त्यावरून जुळवतात. अरबी शिकलेल्या मुलीला तक्ता लागणार नाही.

बुऱ्हाणपूर आज मध्य प्रदेशात असले तरी ती फारुकी सुलतानांच्या खानदेशाची राजधानी होती. तेथील जामा मशिदीत अरबी लेखाबरोबर संस्कृत शिलालेखही आहे, आणि दोन्ही वाचू शकणारे अभ्यासक आज फार थोडे आहेत. याच बुऱ्हाणपुरात जन्मलेले अली मुत्तकी हे पुढे मक्केत स्थायिक झाले आणि त्यांनी हदीसांचा, म्हणजे प्रेषित मुहम्मदांच्या वचनांचा, ‘कन्ज़ुल उम्माल’ हा विशाल अरबी संग्रह सिद्ध केला. १५६७ मध्ये तेथेच त्यांचे निधन झाले. तापीकाठच्या माणसाचा हा ग्रंथ अरब जगातील विद्वान आजही वापरतात, आणि आपल्याकडे मात्र त्याचे नाव क्वचितच निघते याचे मला मनापासून वाईट वाटते.

यावलची विद्यार्थिनी

सर्वांचे मनःपूर्वक आभार. बुऱ्हाणपूर आमच्यापासून फार लांब नाही, पण त्या शिलालेखाविषयी शाळेत कधी ऐकले नव्हते. तिसऱ्या शंकेचे तेवढे राहिले. शिवाय प्रवेश होईपर्यंतचा वेळ मी कसा वापरावा?

उर्दू शाळेतील शिक्षिका

बेटा, आपल्या गावांतील मदरशांत लहान मुलांना शिकवले जाते ते मुख्यतः कुराणाचे शुद्ध पठण. अर्थ आणि व्याकरण पुढच्या वर्गांत येते. विद्यापीठातील अभ्यास याहून वेगळा असतो. तेथे इस्लामपूर्व काळातील कविता असतात, आजच्या कथा-कादंबऱ्या असतात आणि इतिहासही असतो. कुराणातील उतारेही असतात, आणि ते टाळू नकोस, कारण अरबी व्याकरण ज्या आधारांवर उभे राहिले त्यांत कुराणाची भाषा प्रमुख आहे. आठव्या शतकात ते व्याकरण प्रथम विस्ताराने मांडणारा सीबवय्ह हा स्वतः इराणी होता, तेव्हा बाहेरून आलेल्याने ही भाषा आपलीशी करणे नवीन नाही. तुझ्या संस्कृतला जवळचे असेही तेथे भेटेल: पंचतंत्रातील गोष्टी पहलवी या इराणच्या जुन्या भाषेमार्गे आठव्या शतकातच ‘कलीला व दिम्ना’ या नावाने अरबीत आल्या, आणि अरबी गद्याचे उदाहरण म्हणून त्या आजही वाचल्या जातात.

प्रवेशापर्यंत लिपी हाताने लिही, मोबाइलवर नको. प्रत्येक अक्षराची सुरुवातीची, मधली, शेवटची आणि सुटी अशी रूपे रेघांच्या वहीत उजवीकडून डावीकडे गिरव, आणि अलिफ, दाल, ज़ाल, रा, ज़ा, वाव ही सहा अक्षरे पुढच्या अक्षराला जोडली जात नाहीत हे पहिल्या दिवसापासून लक्षात ठेव. ‘ऐन’ आणि ‘हा’ या अक्षरांचे उच्चार मात्र पुस्तकावरून शिकू नकोस. एखादी जाणकार व्यक्ती समोर बसवून ऐक आणि तिच्याकडूनच तपासून घे. भुसावळला येणे होत असेल तर येथे संदेश पाठव, रविवारी सकाळी मी शाळेतच असते.