बॅटरीवाल्या सायकलला घरच्या घरी लाईट बसवायचेत, कमी खर्चात. मदत हवी

किरकटवाडीकर

नमस्कार मंडळी. बाबांच्या जुन्या सायकलला मागच्या चाकात २५० वॅटची मोटर बसवून घेतलीय, कॅरियरवर १२ व्होल्ट १२ अँपिअर-अवरच्या तीन सीलबंद बॅटऱ्या सिरीजमध्ये (एकीला पुढची जोडून), म्हणजे ३६ व्होल्ट. सायकल मस्त पळते पण लाईटचं काहीच नाही. बाबा सिंहगड रोडला एका कँटीनमध्ये कामाला आहेत, सुटायला रात्रीचे अकरा होतात आणि नांदेड फाट्याच्या पुढे बरेचदा खांबावरचे दिवे बंद असतात. सध्या मोबाईलचा टॉर्च लावून तो हँडलला रबराने बांधून येतात. परवा चाक खड्ड्यात गेलं, मोबाईल उडाला, बाबा पडले नाहीत हे नशीब, पण तेव्हापासून ते दारात दिसेपर्यंत आई जेवायला बसत नाही.

तयार लाईट बघितले, चांगले आहेत ते परवडत नाहीत आणि स्वस्तातला एक सेलवाला आणला तो पंधरा दिवसांत गेला. म्हणून स्वतःच करायचं म्हणतोय, चारशे-पाचशेत बसवायचंय. सोल्डरिंग येतं मला. दोन शंका आहेत. तीनपैकी एकाच बॅटरीवरून १२ व्होल्ट काढले तर चालतील का? आणि तपकीर गल्लीतून एलएम२५९६ वाला स्टेप-डाउन कन्व्हर्टर (व्होल्टेज कमी करणारा) आणून ठेवलाय, तो ३६ ला लावू ना?

वायरमन_काका

बाळा, दोन्हीला नाही.

आधी बॅटरीचं. एकाच बॅटरीवरून घेतलंस तर लाईट पेटेल, काहीच बिघडल्यासारखं वाटणार नाही, पण रोज तासभर लाईट लागला की पाव अँपिअर-अवरहून थोडं जास्त त्या एकटीतून जाणार, म्हणजे महिन्याला आठ. चार्जर तर तिघींचा मिळून व्होल्टेज बघतो आणि बंद होतो, त्याला काय कळणार कुठली उपाशी राहिली. ती अर्धपोटी राहून आतून खराब होते आणि बाकीच्या दोन उगाच जास्त चार्ज होतात. सहा महिन्यांत संच बदलायची वेळ येते आणि लोक बॅटरीवाल्याला शिव्या देतात.

आता कन्व्हर्टर. ३६ व्होल्ट हे नुसतं नाव आहे रे. चार्जर लावलेला असताना तिघींवर मिळून ४३-४४ व्होल्ट असतात, काढल्यावर हळूहळू ३९ च्या आसपास येतात. आणि साध्या एलएम२५९६ ची इनपुटची मर्यादा ४० आहे. माझा स्वतःचा असाच गेलाय, रात्रभर चार्ज केलेली सायकल पहाटे काढली, बटण दाबलं आणि टिचकी मारल्यासारखा आवाज, मागोमाग करपल्याचा वास. आतला स्विच शॉर्ट झाला की वरचं सगळं व्होल्टेज सरळ एलईडीवर येतं, म्हणजे कन्व्हर्टर गेला तो एलईडी घेऊनच. त्याच्यातच एचव्ही म्हणजे हाय व्होल्टेजवाला येतो, तो ६० व्होल्टपर्यंतचा, तो बदलून आण. बसवायच्या आधी मल्टिमीटर लावून त्याचा पितळी स्क्रू फिरवत आउटपुट बरोबर १२ वर आण आणि मगच एलईडी जोड.

पुढच्या लाईटला १ वॅटचे पांढरे एलईडी तीन घे, सिरीजमध्ये, सोबत १० ओहमचा ५ वॅटवाला सिमेंटचा रेझिस्टर. तिघांवर साधारण साडेनऊ व्होल्ट पडतात, उरलेले रेझिस्टर खातो, करंट पाव अँपिअरच्या आत राहतो. एलईडी अ‍ॅल्युमिनियमवरच चिकटव, नाहीतर तापून महिन्याभरात मंद होतील. स्लायडिंग खिडक्या बनवणाऱ्यांकडे चॅनलचे तुकडे पडलेले असतात, मागितला की देतात. पुढे-मागे मिळून सगळा खर्च ४ वॅटच्या आसपास, तुझ्या बॅटऱ्या ४३२ वॅट-अवरच्या, तेव्हा तासाभराला शंभरातला एक भाग जातो. बाबांना पोचायला कमी पडेल ही काळजी सोड. आणि फ्यूज विसरू नकोस, १ अँपिअरचा, बॅटरीच्या प्लसला अगदी लागून. वायर हँडलपाशी घासली जाते, ती कधीतरी सोलणारच.

वारजेकर_मीरा

काकांनी पुढचं सगळं सांगितलंच आहे, पण दादा मला विचाराल तर आधी मागचा लाईट करा आणि मग पुढचा. खड्डा वाईटच, पण त्या रोडला मागून डंपर येतात त्यांना बाबा दिसायला हवेत. लाल एलईडी तीन सिरीजमध्ये आणि ३३० ओहमचा साधा रेझिस्टर, अशा दोन ओळी, पाऊण इंची पीव्हीसी पाईपच्या एंड कॅपमध्ये बसतात. मी माझ्या सायकलला हेच केलंय, तिसरा पावसाळा चालू आहे. लुकलुकणारा करू नका, सतत पेटणाऱ्या लाईटवरून मागच्याला अंतराचा अंदाज येतो. शिवाय मडगार्डला आणि पेडलच्या कडांना रेडियम पट्टी लावा, पेडल वर-खाली होतात ना, त्यामुळे सायकलवाला आहे हे लांबूनच ओळखू येतं, आणि वायर तुटली तरी रेडियम चमकतंच.

पाण्याचं म्हणाल तर कॅप वरून आणि कडेने एम-सीलने बंद करा पण खालच्या बाजूला एक बारीक भोक ठेवा, आत दमट हवेचं पाणी साठतं ते गळून जातं. वायर कॅपमध्ये वरून घालू नका, आधी खाली उतरवून वळण देऊन मग आत घ्या. पाऊस असला की बघा, थेंब त्या वळणाच्या तळाशी येऊन लोंबतो आणि तिथूनच पडतो, आत जात नाही. जोडांना चिकटपट्टी नको, पावसात चिकटा होऊन सुटते, तापवल्यावर आवळणारी स्लीव्ह चढवून तापवा.

नानापेठ_स्पेअर

पेट्रोल इंजिनवाली सायकल असेल त्यांच्यासाठी लिहितो, मॅग्नेटोच्या (इंजिनला ठिणगी पुरवतो तो) पांढऱ्या वायरवरून लाईट घेऊ नका, इंजिन मिस मारतं. वेगळी छोटी बॅटरी नाहीतर बाटली डायनॅमो बरा. किरकटवाडीकर भाऊ, तुम्हाला लाईटची काच किंवा ब्रॅकेट हवं असेल तर बुधवारी किंवा रविवारी जुन्या बाजारात बघा, मोपेडचे जुने हेडलाईट असतात, त्यातला रिफ्लेक्टर कामाला येतो.

किरकटवाडीकर

सगळ्यांचे मनापासून आभार. एचव्हीवाला आणला, मागचा लाईट मीराताईंच्या पद्धतीने, पुढचा चॅनलच्या तुकड्यावर. काल रात्री बाबांच्या मागे मी गाडीवरून आलो, मागचा लाल खूप लांबून दिसत होता. पण पुढचा समोरून येणाऱ्यांच्या डोळ्यांवर जातोय, एक रिक्षावाला ओरडला. किती खाली करू? आणि ब्रेक दाबला की मागचा जास्त पेटावा असं करायचंय, ब्रेकच्या लिव्हरमधून मोटर बंद करणारी वायर येते तिच्यावरच जोडू का?

वायरमन_काका

भिंतीपासून ५ मीटरवर सायकल उभी कर. तुझा लाईट जमिनीपासून ९० सेंटिमीटरवर असेल तर भिंतीवरचा भगभगीत ठिपका साधारण ४५-५० वर यायला हवा, म्हणजे उजेड १०-११ मीटरवर रस्त्याला टेकतो. याहून खाली नको. ताशी २५ ने सायकल सेकंदाला ७ मीटर जाते, खड्डा दिसून ब्रेक दाबायला तेवढं अंतर लागतंच. चॅनलला वरून पत्र्याची छोटी पट्टी टोपीसारखी लाव, वर जाणारा उजेड तिथेच अडेल.

ब्रेकची ती वायर कंट्रोलरची, म्हणजे मोटर चालवणाऱ्या डब्याची आहे, तिच्यावर जेमतेम ५ व्होल्टचा सिग्नल असतो, तिला लाईट जोडू नकोस, कंट्रोलर जाईल. मोपेडचा ब्रेक स्विच वेगळा मिळतो, स्प्रिंगवाला, तो मागच्या ब्रेकच्या दांड्याला अडकव आणि १२ व्होल्टवरून लाल एलईडीची तिसरी ओळ त्याच्यातून ने. लिव्हर सैल असेल तर लाईट पेटलेलाच राहतो, स्प्रिंगचा ताण तेवढा बघून घे.