अनुभव हवेत : जुना 'ए' सर्टिफिकेटवाला कॉमेडी सिनेमा मुलांना दाखवायचा का, तुम्ही कसं ठरवलंत?

घरात हा विषय सारखा निघतोय म्हणून विचारते. लेक १४ ची आहे आणि नवऱ्याला त्याच्या कॉलेजच्या काळातला एक इंग्रजी कॉमेडी सिनेमा तिच्यासोबत बघायचाय, ए सर्टिफिकेटवाला, त्याला डायलॉग अजून पाठ आहेत. मला फक्त जोक आठवतात, त्यांच्या आगेमागे काय होतं ते पार पुसलं गेलंय. तुमच्याकडे असं कधी झालं असेल तर लिहा, काय बघून हो म्हणालात, कशावरून नाही, मूल नंतर काय बोललं. "आजकालच्या मुलांना सगळं माहिती असतं" एवढंच नका लिहू प्लीज, खरं काय घडलं ते सांगा.

*

आम्ही दोघांनी आधी मुलं झोपल्यावर अख्खा सिनेमा बघितला, पुढे न ढकलता. शिव्या होत्या, एकदोन उघडे सीन होते, त्याचं फार काही वाटलं नाही. पण एका ठिकाणी पोरं मुलींच्या बाथरूममध्ये भोकातून बघतात, मुलीच्या लक्षात येतं, ती किंचाळते आणि सिनेमा आपल्याला तिच्या किंचाळण्यावर हसवतो, आणि वर तोच पोरगा हिरो, शेवटी मुलगी त्याच्याच गळ्यात! त्या काळच्या कितीतरी कॉलेज कॉमेड्यांचा हा साचा आहे, तेव्हा आम्हीही खिदळत बघितलेल्या. मुलगा तेव्हा १३ चा, मुलींशी बोलायचं कसं हे जेमतेम शिकत होता. त्याला नाही म्हटलं आणि का ते सरळ सांगितलं, थोडा रुसला. १६ चा झाल्यावर सगळ्यांनी मिळून बघितला तर त्या सीनला आम्ही काही बोलायच्या आधी तोच म्हणाला, "आई, ही तर पोलीस केस आहे." बाकीच्या जोकना मात्र पोट धरून हसला. त्यामुळे माझं मत असं की नुसती सीनची यादी काढून भागत नाही, कोणाच्या जिवावर हसवतायत ते बघा.

*

मी याच्या विरुद्ध बाजूचा. माझ्या दोन्ही पोरांना १५ नंतर मी काहीही अडवलं नाही. अडवलेलं ते मित्राच्या फोनवर बघतात, आणि तिथे विचारायला कोणी मोठं नसतं. घरात बघितलं तर निदान प्रश्न तरी माझ्यापर्यंत येतो, आणि आलेही.

*

एक माहिती देतो, बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. "मी लहानपणी टीव्हीवर बघितलाय, काही नव्हतं त्यात" हे अजिबात धरून चालू नका. आपल्याकडे ए सर्टिफिकेटचा सिनेमा टीव्हीवर तसाच दाखवत नाहीत, कापून, शब्द म्यूट करून वेगळं सर्टिफिकेट घ्यावं लागतं. ओटीटीवर बहुतेक वेळा पूर्ण आवृत्ती असते. शिवाय २०२१ च्या नियमांप्रमाणे ओटीटीवरचं वयाचं लेबल, म्हणजे ७+, १३+, १६+ किंवा ए, हे प्लॅटफॉर्म स्वतः लावतो, ते सेन्सॉर बोर्डाचं नसतं. थिएटरसाठी यूए चे, म्हणजे मुलांनी मोठ्यांच्या देखरेखीत बघायच्या सर्टिफिकेटचे, ७+, १३+, १६+ असे तीन भाग २०२३ च्या कायदादुरुस्तीनंतर आले, त्याआधीच्या सिनेमांना नुसतं यूए किंवा सरळ ए. त्यामुळे जुन्या ए मध्ये सगळंच एकत्र आहे, थोड्या शिव्यांसाठी मिळालेलाही आणि खरोखर मोठ्यांचाच असलेलाही.

अमेरिकन सिनेमांचं उलटं होतं. पीजी-१३ हा प्रकारच मुळात जुलै १९८४ ला आला, त्याआधी पीजी (आईवडिलांनी बघून ठरवा) आणि आर (१७ च्या आतल्यांना मोठं माणूस सोबत हवं) च्या मध्ये काहीच नव्हतं. म्हणून १९८० च्या 'एअरप्लेन!' ला पीजी आहे पण त्यात क्षणभर का होईना उघडी छाती दिसते. पीजी बघून लहानांना लावून देऊ नका. आयएमडीबी या सिनेमांची माहिती देणाऱ्या साइटवर पॅरेंट्स गाइड म्हणून भाग असतो, त्यात सीन वेगवेगळे लिहिलेले असतात, मी आधी ते वाचतो आणि मग शंका वाटेल तेवढा भाग स्वतः बघतो.

*

वरच्या गाइडमध्ये एक गोष्ट सहसा सापडत नाही म्हणून लिहितेय. माझा भाचा बोलताना अडखळतो. १२ चा आहे, हुशार आहे, वर्गात उत्तर येत असूनही हात वर करत नाही. घरात सगळ्यांनी मिळून बघायला म्हणून एक जुना कॉमेडी निवडला होता, शिव्या जवळपास नाहीत, अंगप्रदर्शन नाही, सगळ्यांच्या हिशोबाने एकदम सेफ. मी आधी बघायला घेतला तर त्यात एक पात्र आहे, अडखळत बोलणारं, आणि त्याने तोंड उघडलं की बाकीचे हसतात, एवढाच त्याचा रोल. अडीच तासात त्या माणसाला एकही वाक्य नीट पूर्ण करू दिलेलं नाही. मी ताईला फोन करून सांगितलं की हा नको आणि तिनेही लगेच ऐकलं. त्याऐवजी दुसरा लावला, त्यात दोन ठिकाणी चावट बोलणं होतं, ते त्याला कळलंही नाही आणि त्याने काही बिघडलं नाही. लठ्ठ मुलं, काळा रंग, बायकी चालणारा पुरुष, जुन्या कॉमेडीत यांच्यावरचे जोक धडाधड येतात आणि सर्टिफिकेट देताना तेव्हा हे कोणी मोजत नव्हतं. तुमचं मूल कोण आहे, त्याला काय लागतं हे तुम्हालाच माहिती, म्हणून आधी बघायलाच हवं असं मला फार कळकळीने वाटतं.

*

मी २० ची आहे, म्हणजे दाखवलं गेलेल्यांच्या बाजूची. बाबांनी मला १५ व्या वर्षी त्यांचा आवडता सिनेमा दाखवला. चावट सीनपेक्षा मला जड गेलं ते बाबा प्रत्येक वेळी पॉज करून समजवायचे ते. काकू, नवऱ्याला सांगा की मधे थांबवू नका, संपल्यावर बोला, आणि तिला उठून जायचं असेल तर जाऊ द्या, का ते विचारू नका.

*

मॉली रिंगवाल्ड या अभिनेत्रीने २०१८ मध्ये 'न्यू यॉर्कर'मध्ये लिहिलेला लेख जरूर वाचा. स्वतःचा 'द ब्रेकफास्ट क्लब' हा १९८५ चा आर रेटिंगचा सिनेमा तिने १० वर्षांच्या मुलीसोबत बघितला. आईला ज्याची धास्ती होती त्यातलं बरंचसं मुलीच्या डोक्यावरून गेलं आणि तिला जवळचा वाटला तो अभ्यासाचं दडपण असलेला मुलगा. आई मात्र तेव्हाच्या सिनेमांत मुलींशी कसं वागलं जातं याने अस्वस्थ होते, तरी ते सिनेमे टाकाऊ आहेत असंही म्हणत नाही. मला ही दोन्ही टोकं एकत्र धरणं पटलं. आपण घाबरतो एका गोष्टीला आणि मूल बघतं दुसरंच.

*

सबटायटल्स बंद ठेवा. इंग्रजी सिनेमात पटकन बोललेला द्वयर्थी जोक कानावरून निघून जातो पण खाली लिहून आला की मूल वाचतं आणि विचारतं. आणि १४ ची बघत असेल तर घरातलं ८ चं कुठे आहे ते आधी बघा, आमच्याकडे धाकटी दाराशी उभी राहून निम्मा सिनेमा बघायची.