टाइम-लॅप्ससाठी पैसे भरण्याआधी
टाइम-लॅप्स इनक्युबेटर (लॅबमध्ये गर्भ वाढवायची पेटी, जिच्यातला कॅमेरा गर्भाचे सतत फोटो काढतो) घेतला की आयव्हीएफचा (टेस्ट ट्यूब बेबी उपचाराचा) रिझल्ट हमखास सुधारतो, असं कुणी सांगितलं असेल तर पैसे भरायच्या आधी जरा थांबा. २०२४ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात ब्रिटन आणि हाँगकाँगमधल्या सात सेंटर्सचा १५७५ जणींचा अभ्यास आला, त्यात टाइम-लॅप्सवाल्या आणि साध्या इनक्युबेटरवाल्या दोघींनाही मूल होण्याचं प्रमाण जवळपास सारखंच निघालं. कॅमेऱ्याने गर्भ नीट दिसतो, पण त्याने तो सुधारत नाही ना! त्यापेक्षा ऑक्सिजनचं बघा, हवेत तो सुमारे २१ टक्के असतो पण शरीरात गर्भ सुरुवातीला जिथे वाढतो त्या बीजनलिकेत खूपच कमी, म्हणून आता बऱ्याच लॅब ५ टक्क्यांवर गर्भ वाढवतात.

आणि ज्या ताईंच्या गर्भांची वाढ लॅबमध्ये तिसऱ्या दिवशी थांबली त्यांनी प्लीज स्वतःला दोष देऊ नका, सुरुवातीला गर्भ स्त्रीबीजातल्या साठ्यावरच चालतो, ४ ते ८ पेशी झाल्या की त्याची स्वतःची जनुकं चालू व्हावी लागतात आणि तिथेच बरेच अडकतात, लॅबमधल्या गर्भाचा तुम्ही जिना चढलात की पपई खाल्लीत याच्याशी काय संबंध? पुढच्या वेळी डॉक्टरांना एवढं मात्र विचारा, तुमच्याकडे पाचव्या दिवसापर्यंत साधारण किती गर्भ पोचतात.