इंपोर्टेड बिअरला तिप्पट पैसे कशासाठी?

माल्टोबा
मुद्दा सरळच मांडतो. महाराष्ट्रात बसून लागर (थंडाव्यात सावकाश आंबवलेली), व्हीट (गव्हाची) किंवा आयपीए (कडवट, सुगंधी) बिअर प्यायची असेल तर इंपोर्टेड बाटलीवर पैसे घालणं म्हणजे शिळ्याला ताज्याचा भाव देणं आहे.

अँटवर्प किंवा हाम्बुर्गहून न्हावाशेवाला कंटेनर पोचायला महिनाभर धरा. आफ्रिकेला वळसा पडला तर आणखी जास्त. पुढे कस्टम, अन्नसुरक्षेचे नमुने, उत्पादन शुल्क खात्याकडे लेबलची नोंदणी, गोदाम, डिस्ट्रिब्युटर. बाटली बिअर शॉपीच्या फ्रिजमध्ये लागेपर्यंत तीन-चार महिने सहज उलटतात आणि त्यातला बराच काळ ती थंडाव्याबाहेर असते. ब्रूअर मंडळींचा एक ठोकताळा आहे: ३२ अंशांवर ३ दिवस, २२ अंशांवर ३० दिवस आणि ३ अंशांवर ३०० दिवस, या तिन्हींत बिअर साधारण सारखीच उतरते. बंदरात उन्हात उभ्या कंटेनरचं काय होत असेल ते तुम्हीच ठरवा. आधी हॉप्सचा (बिअरला कडवटपणा आणि सुगंध देणाऱ्या फुलांचा) वास जातो, मग ओल्या पुठ्ठ्याची चव येते (ट्रान्स-२-नोनेनाल नावाचं संयुग, अगदी सूक्ष्म प्रमाणातही जिभेला कळतं), शेवटी नको तो मधासारखा गोडवा.

वर सीमाशुल्क शंभर टक्क्यांच्या घरात. म्हणजे तिप्पट पैशांत चव कुठेच नाही. पुण्यात २००९ मध्ये डूलाली हे ब्रूपब (जागेवरच बिअर बनवून विकणारा पब) सुरू झालं तेव्हा ताज्या बिअरचे पर्याय नव्हते, आता पुण्यात, मुंबईत, गोव्यात रग्गड आहेत.

काळीकुळकुळीत
असहमत. तुम्ही सगळ्या बिअरना एकाच काट्याने मोजताय. आयपीएबद्दल बोललात ते शंभर टक्के खरं, ती दोन महिन्यांवरची असेल तर घेऊच नये. पण बेल्जियन डुबेल घ्या, म्हणजे तिथली गडद, कडक बिअर. चिमे रूज ७ टक्क्यांची, बाटलीत दुसऱ्यांदा आंबवलेली. तळाला जिवंत यीस्ट असतं आणि आत राहिलेला प्राणवायू तेच खाऊन टाकतं. अशा बिअरमध्ये हॉप्सच्या वासावर काही अवलंबून नसतं. मनुका, खजूर, करपवलेल्या साखरेची चव तीन-चार महिन्यांत कुठे पळून जात नाही. गडद माल्टच्या (मोड आणून भाजलेल्या बार्लीच्या) कडक, काळ्या स्टाउटचंही तेच. या प्रकारांत आपल्याकडच्या ब्रूपबमध्ये काय मिळतं? बहुतेक ठिकाणी कॉफी ओतलेलं पातळ पाणी.

आणि ताजी म्हणजे चांगली, हे कोणी ठरवलं? ताजी आणि कच्ची यात फरक असतो. निम्म्या ब्रूपबच्या लागरला पॉपकॉर्नवरच्या बटरचा वास येतो.

तळोजा_लोकल
भांडण सुरू करण्याआधी बाटली फिरवून मागचं लेबल वाचा. ज्याला लोक इंपोर्टेड म्हणून मिरवतात त्यातलं बरंचसं इथलंच असतं. हायनेकन २०११ पासून आमच्या तळोज्यात बनतेय. बडवायझर, कार्ल्सबर्ग, टुबोर्ग, सगळ्यांचं उत्पादन भारतात होतं. खरी आयात असेल तर वेगळं चिकटवलेलं स्टिकर दिसेल: आयातदाराचं नाव-पत्ता, आयातीचा महिना, एमआरपी. ते नसेल तर बाटली परदेशी नाव घेतलेली देशीच.

स्टिकर असलं तरी नुसती 'बेस्ट बिफोर' बघून फसू नका. ब्रँडप्रमाणे मुदत ९, १२ किंवा १८ महिन्यांची असते, त्यामुळे त्यावरून वय कळत नाही. भरल्याची तारीख शोधा.

पिंटभर
मग इथली आणि तिथली चव वेगळी का लागते? भारतीय बिअरमध्ये ग्लिसरीन घालतात म्हणून. बाटली पाण्याच्या ग्लासात उलटी धरा, पिवळसर धार खाली उतरताना दिसते. सगळ्यांना माहीत आहे. परदेशी बिअरला हे करावं लागत नाही.

यीस्ट_इंडिया
पिंटभर, ही दंतकथा परदेशी पर्यटकांपासून कॉलेजच्या पोरांपर्यंत सगळ्यांनी जपली आहे. आंबवून झालेल्या बिअरमध्ये न आंबलेली साखर आणि डेक्स्ट्रिन (यीस्टला न पचणारी पिष्टाची साखळी) उरतात, त्यामुळे तिची सापेक्ष घनता बहुधा १.००८ ते १.०१२ असते. पाण्याची १.०००. जड द्रव उलटा धरला की खाली सांडणार आणि त्याच्या जागी पाणी वर जाणार. दोन्ही द्रव प्रकाश वेगवेगळा वाकवतात, म्हणून ती धार लहरताना दिसते. हीच करामत जर्मन बाटलीवर करून बघा, तीच धार दिसेल. आणि ग्लिसरॉल तर यीस्ट स्वतःच तयार करतं, जगातल्या प्रत्येक बिअरमध्ये लिटरला एक-दोन ग्रॅम असतं. त्या प्रयोगाने हाती काय लागतं? गॅस गेलेली, पाणी शिरलेली बिअर.

चव वेगळी लागण्याची खरी कारणं साधी आहेत. खपाच्या बिअरमध्ये बार्लीबरोबर तांदूळ, मका किंवा साखरेचा पाक असतो, म्हणून अंग हलकं. बाटली साठ अंशांच्या आसपास पाश्चराइज होते. आणि आपल्याकडचा बराच खप स्ट्राँगचा, ५ ते ८ टक्क्यांचा. घाईने, गरम आंबवलेल्या स्ट्राँगमध्ये जड अल्कोहोल वाढतात. घशाला जळजळ होते ती त्यांची, ग्लिसरीनची नव्हे.

आता बटरबद्दल. काळीकुळकुळीत यांनी नेमकं दुखणं पकडलंय. तो वास डायअॅसिटिलचा, आंबताना तयार होणाऱ्या एका संयुगाचा. लागर १० ते १२ अंशांवर आठ-दहा दिवस आंबवायची, संपत आली की १५-१६ अंशांवर दोन-तीन दिवस ठेवायची म्हणजे यीस्ट ते डायअॅसिटिल परत खातं, मग शून्य ते दोन अंशांवर तीन-चार आठवडे. हा शेवटचा टप्पा कोणाला परवडतो? ब्रूपबमध्ये मोजक्या टाक्या. एका टाकीत लागर दीड महिना अडकते, त्याच टाकीत व्हीट दोन आठवड्यांत निघते. शनिवार-रविवारची गर्दी समोर दिसत असताना मालक लागर लवकर ओढतो. चांगला ब्रूअर आधी चाचणी घेतो: दोन नमुने घ्यायचे, एक झाकून ६०-६५ अंशांवर वीस मिनिटं ठेवायचा, दोन्ही थंड करून हुंगायचे. गरम केलेल्यात बटर आलं तर टाकी उघडायची नाही. डायअॅसिटिलचं पूर्वरूप बिअरमध्ये दडलेलं असतं, ते उष्णतेने उघडं पडतं. ही चाचणी न करता विकली तर ग्राहकाच्या ग्लासातच ती होते.

कधी दोष टाकीचा नसतोच, नळाचा असतो. बिअरची लाइन दर दोन आठवड्यांनी दोन टक्के कॉस्टिक सोड्याने धुवायला हवी. नाही धुतली तर जीवाणू तोच बटर आणि वर आंबटपणा घालतात.

गव्हाळ
म्हणूनच माझं मत साधं: ब्रूपबमध्ये गेलात तर व्हीट मागवा. हेफेवायझनची (बवेरियन पद्धतीच्या गव्हाच्या बिअरची) केळ्या-लवंगेची चव हे यीस्टचं काम, आणि ती पहिल्या काही आठवड्यांतच भरात असते. बवेरियाहून आलेल्या बाटलीत यीस्ट तळाशी गोठून बसलेलं आणि केळं उडून गेलेलं. इथे काळीकुळकुळीत यांच्या डुबेलचा नियम लागू नाही.

घरी न्यायची असेल तर ग्राउलर (बिअर भरून न्यायची मोठी बाटली) आतून थंड करूनच भरून घ्या, गरम काचेत बिअर फेसाळून अर्धा गॅस तिथेच उडतो. नळी तळापर्यंत घालून भरायला सांगा. फ्रिजमध्ये उभा ठेवा, दोन-तीन दिवसांत संपवा, आणि एकदा उघडला की त्याच रात्री. रविवारी आणून पुढच्या शनिवारी उघडणाऱ्यांनी बिअरला नावं ठेवू नयेत.

काळीकुळकुळीत
'लोकल' या शब्दाचाच हिशोब करा की. माल्ट बहुधा जर्मनीचा, हॉप्स जर्मनीतल्या हालरटाउचे किंवा अमेरिकेतल्या याकिमाचे, यीस्टची पाकिटं फ्रान्स-बेल्जियमची. मग उरलं काय, खडकवासल्याचं पाणी?

माल्टोबा
हो, पाणीच, आणि बिअरमध्ये नव्वद टक्क्यांहून जास्त तेच असतं! ते जहाजाने आणायचं कशाला? माल्ट कोरडा येतो, हॉप्सच्या गोळ्या नायट्रोजन भरलेल्या फॉइलमध्ये थंडाव्यात येतात, यीस्टही वाळवलेलं. या तिन्हींचं प्रवासात जेवढं बिघडतं त्याच्या कैकपट तयार बिअरचं बिघडतं. राजस्थानची सहा-ओळी बार्ली (कणसावर दाण्यांच्या सहा ओळी असलेली) स्वस्त आहे, पण तिच्यात प्रथिनं जास्त आणि साल जाड. गढूळपणा आणि तुरटपणा सांभाळत बसावं लागतं, म्हणून क्राफ्टवाले दोन-ओळी मागवतात. त्यात लपवण्यासारखं काय आहे?

पिंटभर
ग्लिसरीनचं राहू द्या. पण हिरव्या बाटलीतल्या परदेशी बिअरला एक खास वास असतो, तो इथल्या बिअरला नाही.

यीस्ट_इंडिया
तो वास दोष आहे हो! हॉप्समधल्या कडू द्रव्यांवर निळसर प्रकाश पडला की स्कंक नावाच्या प्राण्याच्या दुर्गंधीशी जवळीक असलेलं गंधकयुक्त संयुग तयार होतं. तपकिरी काच हा प्रकाश बराचसा अडवते, हिरवी थोडाच, पारदर्शक जवळपास नाहीच. उन्हात काही मिनिटं पुरतात, दुकानातल्या फ्रिजच्या ट्यूबखाली काही दिवस. बाटलीच घ्यायची तर मागच्या रांगेतली, खोक्यातली मागा. कॅन मिळत असेल तर कॅनच, प्रकाश शून्य आणि झाकणातून प्राणवायू झिरपण्याची भानगड नाही.

तळोजा_लोकल
आणि गोव्यात गेलात तर सांगोल्ड्याच्या गोवा ब्रूइंग कंपनीचे कॅन बघा. 'एट फिंगर एडी' हा आयपीए आहे, माल्टोबांच्या हिशोबाने भरल्याची तारीख बघूनच घ्या.

काळीकुळकुळीत
आयपीए तुम्हाला लखलाभ. माझी डुबेल बाहेरूनच येणार. आणि ती घेतलीत तर दोन अंशांच्या फ्रिजमधून काढून थेट तोंडाला लावू नका, थंडीने जिभेला काही कळत नाही. बाटली उभी ठेवून वीस-पंचवीस मिनिटं बाहेर, दहा-बारा अंशांवर, रुंद तोंडाच्या ग्लासात. ग्लास साबणाने धुतला असेल तर साध्या पाण्याने दोनदा खंगाळा, साबणाचा अंश राहिला तर फेस टिकत नाही. तळचा गाळ बाटलीतच राहू द्या किंवा वेगळ्या ग्लासात ओता, तुमच्या आवडीवर आहे.