'परवान्यात सूट' की 'परवान्यातून सूट'?

सातपूरकर:
मंडळी, एक शंका आहे. आमच्याकडे अमेरिकेतल्या सेफ्टी मॅन्युअलचं मराठी चाललंय. तिकडे बऱ्याच राज्यांत वीज कंपनीच्या स्वतःच्या लाईनवर काम करायला इलेक्ट्रिशियनचं लायसन लागत नाही, घराला सप्लाय देतात त्या जोडापर्यंत कंपनीचं काम आणि तिथून पुढे लायसनवाल्याचं. मी लिहिलं 'परवान्यात सूट', साहेबांनी खोडून 'परवाना माफ' केलं, शेजारच्या मॅडम म्हणतात 'सवलत' लिहा. काय ठेवू?

गंगापूर रोड:
माफ तर अजिबात नको, माफी देणं असतं त्याची होते, कर्ज फी शिक्षा वगैरे. सवलत म्हणजे लागू आहेच पण थोडं कमी, एसटीचं अर्धं तिकीट असतं तसं. इथे नियम लागूच होत नाही म्हणून सूट. पण प्रत्यय सांभाळा. 'करात सूट' म्हणजे कर कमी भरा आणि 'करातून सूट' म्हणजे भरूच नका, तसंच 'परवान्यात सूट' वाचून कोणालाही वाटेल की फी कमी केलीय. 'परवान्यातून सूट' लिहा.

ओझरचा वायरमन (रिटायर):
शब्द ठीकच आहे पण सूट वाचून पोरं समजतील की कोणीही पोलवर चढावं. आपल्याकडे १९५६ च्या वीज नियमांत ४५ वा नियम होता, तोच २०१० च्या विनियमांत २९ वा झाला, मग २०२३ ला नवीन विनियम आले. मूळ गोष्ट ही की वायरिंगचं काम परवानाधारक ठेकेदाराकडूनच करायचं, वर सुपरवायझर पाहिजे आणि हात लावणाऱ्याकडे परमिट पाहिजे. सरकार राजपत्रात अधिसूचना काढून ठराविक कामांना यातून सूट देऊ शकतं, तीसुद्धा अटी घालून. आणि कंपनीच्या लाईनवर काम करणारा माणूस पदनिर्देशित लागतो, म्हणजे त्याचं नाव आणि काम कंपनीच्या नोंदीत पाहिजे.

अजून एक, 'परमिट' शब्दाला जपा. कायद्यातलं परमिट म्हणजे माणसाकडचा कागद. आमच्यात 'परमिट घेतलं' म्हणजे सबस्टेशनला सांगून फीडर, म्हणजे तिथून निघणारी लाईन, बंद करून घेतला. त्यानंतर एबी स्विच (पोलवरचा, लाईन तोडणारा तीन पात्यांचा स्विच) उघडायचा, तिन्ही पाती सुटली का खालून डोळ्यांनी बघायचं (एखादं पातं चिकटून राहतं, हँडल मात्र खाली आलेलं असतं), मग डिस्चार्ज रॉड लावून लाईन अर्थ करायची आणि मगच वर. त्या पुस्तकात दोन्हीला परमिट लिहाल तर कोणीतरी खिशातलं कार्ड दाखवून चालू लाईनला हात घालेल!!

मखमलाबाद:
काका मग आमच्या डीपीवर येणारा गडी रविवारी मळ्यात मोटारीचं वायरिंग करून देतो, ते सुटीत बसतं का 😀

ओझरचा वायरमन (रिटायर):
सुटीच्या दिवशी बसतं, सुटेत नाही. ते खाजगी काम, त्याला परवाना पाहिजेच. दिवा पंखा फ्यूज स्विच बदलणं, २५० व्होल्टच्या आतलं आणि क्षमता न बदलता, तेवढं कोणीही करा.

गंगापूर रोड:
आणि तेवढ्याला सूट म्हणू नका हं, ते नियमातूनच वगळलंय. 'वगळणं' नियम लिहितानाच होतं, 'सूट' नंतर कोणीतरी देतं आणि देणारा काढूनही घेऊ शकतो.

कॅम्प रोड, मालेगाव:
लायसनचे पण दोन अर्थ आहेत ना. आमच्याकडे २०२० पासून वितरण फ्रँचायझीकडे, म्हणजे वीज कंपनीच्या वतीने काम बघणाऱ्या खाजगी कंपनीकडे आहे, आणि २००३ च्या वीज कायद्याच्या १४ व्या कलमात फ्रँचायझीला वेगळं लायसन लागत नाही असं आहे. ते वीज विकायचं लायसन. त्यावरून लोक म्हणतात यांच्या माणसांनाही लायसन नको, हे कुठून आलं! मी तर कंपनीच्या लायसनला 'अनुज्ञप्ती' आणि कामगाराच्या लायसनला 'परवाना' असं वेगळं ठेवीन, अनुज्ञप्ती जड आहे पण घोळ टळतो.

सातपूरकर:
भारी, म्हणजे असं: 'वीज कंपनीच्या स्वतःच्या कर्मचाऱ्यांना कंपनीच्या लाईनवरील कामापुरती परवान्यातून सूट आहे.' चालेल?

ओझरचा वायरमन (रिटायर):
चालेल, 'स्वतःच्या' मात्र काढू देऊ नका. पुस्तक इथल्या ठेकेदाराच्या पोरांच्या हातात जाणार असेल तर खाली एक ओळ टाका की हा नियम तिकडचा आहे, इथे ठेकेदाराला परवाना लागतो.