मदत हवी आहे: बंगल्यापुढची बाग ट्रेंडप्रमाणे करावी का?

ओसरी:
पुणे. ६०० चौ. फूट मोकळी जागा, घर पश्चिममुखी, कोपऱ्यात जुना आंबा, जमीन काळी, पाणी बोअरचे आणि जड. ठेकेदाराच्या आराखड्यात सगळीकडे लॉन, दर्शनी भिंतीवर व्हर्टिकल गार्डन, आंब्याखाली पांढरे पेबल्स आणि मागच्या ८ फुटी पट्ट्यात मियावाकी (खूप दाट लावलेले छोटे जंगल) आहे. सध्या सगळे हेच करतात म्हणे. यातले काय ठेवावे?

मुरूमखडी:
६०० फूट म्हणजे ५६ चौ. मीटर. मे महिन्यात चौ. मीटरला रोज ५ लिटर धरा, लॉनलाच २८० लिटर लागतील. दारासमोर १५० फूट पुरे. आंब्याच्या सावलीत ते तसेही विरळ होत जाते. लॉनच्या तयार चादरी उतरवून घेताना एक-दोन उलटून बघा. मातीत वाटाण्याएवढ्या काळपट गाठी दिसल्या तर तो लव्हाळा, म्हणजे चिवट तण. गाडी तशीच परत पाठवा, नंतर कितीही उपटला तरी गाठीतून पुन्हा फुटतो.

मियावाकी तिथे नकोच. चौ. मीटरला ३-४ रोपे, त्यात मोठे वृक्षही आले, आणि शेजारून कंपाउंड व ड्रेनेजची लाइन. पाच वर्षांनी विरळ करायचे म्हटले तर शहरात झाड तोडायला १९७५ च्या वृक्ष संरक्षण कायद्याखाली परवानगी लागते. कुंती, तगर, निर्गुडी ३-४ फुटांवर एका ओळीत लावा. ठेकेदाराच्या यादीत कोनोकार्पस (परदेशी शोभेचे झाड) असेल तर काट मारा. गुजरातने २०२३ मध्ये त्याच्या लागवडीवर बंदी घातली आहे.

ठिबकवाला:
पश्चिमेची भिंत दुपारभर तापते. व्हर्टिकल गार्डनच्या ४ इंची कुंडीत मूठ-दोन मूठ कोकोपीट. मेमध्ये टायमर एक दिवस बंद पडला की रोपे माना टाकतात. जड पाण्याने ड्रिपर (थेंबथेंब पाणी सोडणारी तोंडे) क्षार धरून बुजतात, आणि वरच्या ओळीतला बुजला तर खालच्यांनाही झिरपा मिळत नाही. करायचेच असेल तर आधी भिंतीला वॉटरप्रूफिंग, फ्रेम भिंतीपासून २ इंच सोडून, पाणी गाळायला डिस्क फिल्टर, लाइनच्या टोकाला गाळ सोडायला फ्लश व्हॉल्व्ह. नाहीतर दीड फुटी दोन खड्डे, दोन मधुमालती आणि तारेची जाळी. हिरवी भिंत हीसुद्धा.

वाळा:
ट्रेंड म्हणून सगळेच मोडीत काढू नका. चलतीत असलेल्या वस्तूंचे माल आणि कारागीर सहज मिळतात, दुरुस्तीलाही कोणी येते. रेन गार्डन (पावसाचे पाणी जिरवणारा खोलगट वाफा) हाही ट्रेंडच, पण गच्चीच्या पाण्याची सोय होते. पायापासून १० फूट लांब ६-८ इंच खोलगट करा. आधी फूटभर खड्डा खणून दोनदा पाणी भरा. दुसऱ्या वेळचे २४ तासांत जिरले नाही तर नाद सोडा. काळ्या जमिनीत ही शक्यता बरीच. जिरले तर मध्ये वाळा लावा, तो पाणथळ आणि कोरडे दोन्ही सोसतो.

ओसरी:
मधुमालतीचे पटले. पेबल्सचे काय?

मुरूमखडी:
आंब्याचा पाला वेचताना जीव मेटाकुटीला येईल, आणि पावसाळ्यात शेवाळ धरून ते हिरवे पडतील. पाला तिथेच कुजू द्या, फक्त बुंध्यापासून फूटभर लांब ठेवा.