कुलूपवाल्या डायरीपेक्षा सुटे कागद बरे

ताई, सोळा वर्षांची भाची क्लाससाठी नागपुरात आलीये, मोबाइल जमा, आणि होस्टेलवर खोली तपासताना तिची वहीही वाचली जाते, असं तुम्ही लिहिलंय. वरच्या उत्तरांत बहुतेकांनी कुलूपवाली डायरी सुचवली. अहो, कुलूपच आधी नजरेत भरतं! पिना मारलेल्या वहीतलं पान फाडावं, तर त्याचं जोडपान सैल होऊन बाहेर येतं. त्यापेक्षा सुटे फुलस्केप, गणिताच्या रफ कागदांत मिसळलेले. लिहिताना खाली पुठ्ठा घ्यावा. गठ्ठ्यावर बॉलपेन चालवलं की खालच्या पानावर दाब उमटतो आणि तिरप्या उजेडात सहज वाचता येतो. जेल पेन नकोच. उन्हाळ्यात कूलरसमोर कागद दमट होतो, शाई फुटते.

मानसशास्त्रज्ञ पेनबेकर यांच्या १९८६ च्या प्रयोगात रोज १५ मिनिटं, सलग ४ दिवस मनात साचलेलं लिहायचं होतं, शुद्धलेखनाची पर्वा न करता. लिहिल्यावर लगेच मन जड होतं, म्हणून अगदी झोपायच्या वेळी नको. सुरुवात अडली तर पत्र लिहू दे. अ‍ॅन फ्रँकही काल्पनिक ‘किटी’ला लिहायची. टोपणनावं चालतील. सांकेतिक लिपी नको, महिन्याभराने स्वतःलाच लागत नाही.

मात्र बोलण्यात मरणाबिरणाचं येऊ लागलं तर कागदावर सोडू नका, टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर फोन लावा.